एलजीबीटीक्यू कामगार आणि कामगार संघटना

कामगार संघटना वेतनासाठी, कामाच्या तासांसाठी आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी उभी राहते. समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलैंगिक, पारलिंगी आणि आंतरलिंगी व्यक्ती, म्हणजेच एलजीबीटीक्यू समाजातले कामगार, या तिन्ही बाबतींत इतरांहून अधिक असुरक्षित असतात. तरीही संघटनेच्या मागणीपत्रात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. हा प्रश्न खासगी आयुष्याचा आहे, कामाचा नाही, असे समजून तो बाजूला ठेवला जातो. नोकरी नाकारणे, बढती रोखणे, अपमान करून राजीनामा द्यायला लावणे या गोष्टी मात्र कामाच्या ठिकाणी घडतात आणि त्यांचा थेट परिणाम पगारावर होतो. म्हणून हा कामगार चळवळीचाच प्रश्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

या कामगारांच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार उघड दिसणाऱ्यांचा. पारलिंगी व्यक्तीची अडचण नोकरीच्या अर्जापासून सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि समोर उभी असलेली व्यक्ती तिसरीच वाटावी अशी, एवढ्यावरच मुलाखत संपते. नोकरी मिळालीच तर गणवेश कोणता, स्वच्छतागृह कोणते, हजेरीपटावर नाव कोणते, रात्रपाळीला सोबत कोण, असे प्रश्न रोज उभे राहतात.

दुसरा प्रकार लपून राहावे लागणाऱ्यांचा. समलिंगी कामगाराला बहुधा कामावर कोणी ओळखलेले नसते आणि ओळखू नये यासाठीच त्याची सारी शक्ती खर्च होते. डबा खाताना निघणारा लग्नाचा विषय, सहकाऱ्यांसोबत एकाच खोलीत राहणे, मोबाइलवर आलेला फोन, प्रत्येक ठिकाणी सावध राहावे लागते. ज्याला हे गुपित कळते त्याच्या हातात एक हत्यार येते. मुकादमाला ते कळले, तर तो कामगार जादा कामाचा मोबदला मागत नाही, अपघाताची तक्रार करत नाही, संघटनेच्या सभेतही तोंड उघडत नाही. भीतीखाली असलेला एक कामगार साऱ्या खात्याची सौदाशक्ती कमकुवत करतो.

संघटनेची खरी अडचण पुढेच आहे. या कामगारांना त्रास देणारा दर वेळी मालकच असतो असे नाही. टवाळी करणारा, सोबत काम करायला नकार देणारा, स्वच्छतागृहाच्या दारात अडवणारा माणूस अनेकदा शेजारच्या यंत्रावरचा सहकारी असतो. तोही सभासद आणि हाही सभासद. अशा वेळी बहुमत ज्या बाजूला, त्या बाजूला झुकण्याचा मोह संघटनेला होतो.

गिरणगावाचा धडा

हा पेच महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याला चांगली मजुरी मिळे, पण त्या खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धागा ओढून घेण्यासाठी तोंड लावावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धाग्याला हात लावायला सवर्ण विणकर तयार नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि सर्व खात्यांत काम करण्याचा दलित कामगारांचा हक्क मागण्यांत घालावा असा आग्रह धरला. ती मागणी समाविष्ट झाली, पण नाखुशीने. गिरणीमालकांचे त्यावरचे म्हणणे असे होते की, हा अन्याय असलाच तर तो त्यांनी केलेला नाही. मालकाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही असा अन्याय कामगारांच्या एकजुटीच्या आतच होता, हे त्या उत्तराने उघडे पडले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरलेल्या रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत अशी मांडणी केली. ब्राह्मण्य म्हणजे समता, स्वातंत्र्य आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती, हा त्यांचा अर्थ त्या मांडणीच्या मुळाशी होता. पुढे बाबा आढावांनी एका बाजूला हमाल पंचायत उभी केली आणि दुसऱ्या बाजूला ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालवली. मजुरीचा लढा आणि माणुसकीचा लढा वेगळे नाहीत, असे मानणारी ही परंपरा आहे. एलजीबीटीक्यू कामगारांची बाजू घेणे हा त्याच परंपरेचा विस्तार ठरतो.

परदेशातील संघटनांचा अनुभव

या प्रश्नावर जगातल्या काही संघटनांनी पन्नास वर्षांपूर्वीच भूमिका घेतली. १९७३ मध्ये सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातील एका वसतिगृहाने समलिंगी असल्याच्या कारणावरून एका विद्यार्थ्याला बाहेर काढले. विद्यापीठाच्या आवारात बांधकाम चालू होते. बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन या बांधकाम मजुरांच्या संघटनेने तिथले काम थांबवले. जॅक मंडी यांच्या काळातली ही संघटना काम थांबवण्याची ताकद समाजाच्या हितासाठीही वापरत असे. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कूर्स या बिअर कंपनीवर बहिष्काराची मोहीम चालू होती. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेचे ॲलन बेअर्ड यांनी समलिंगी समाजाचे पुढारी हार्वे मिल्क यांच्याकडे मदत मागितली. समलिंगींच्या मद्यालयांनी कूर्सची बिअर ठेवणे बंद केले आणि बदल्यात मिल्क यांनी या समाजातल्या लोकांना चालकाच्या नोकऱ्या मिळाव्यात अशी मागणी ठेवली. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती आणि त्या गरजेतून ओळख वाढली.

सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनचे. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात खाणकामगारांचा संप चालू असताना मार्क ॲश्टन, माइक जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक मदतगट उभा केला. दक्षिण वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातील संपकरी कुटुंबांसाठी त्यांनी निधी जमवला आणि ते तिथल्या घराघरांत राहून आले. संप हरला, पण नाते टिकले. जून १९८५ मध्ये लंडनच्या प्राइड मोर्च्यात खाणकामगार आपले फलक घेऊन चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला आणि त्यामागे खाणकामगार संघटनेच्या मतांचे बळ होते.

या तिन्ही घटनांत संघटनांनी ठराव करून न थांबता आपले खरे बळ वापरले: काम थांबवण्याची ताकद, बहिष्कार आणि मते. पुढे हे काम संघटनेच्या रचनेतच आले. ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसची या समाजातील कामगारांसाठी स्वतंत्र परिषद भरते आणि अमेरिकेत १९९४ पासून ‘प्राइड ॲट वर्क’ ही कामगारांची आघाडी काम करते.

भारतातील प्रकरणे

भारतातील चित्र वेगळे आहे. इथे कामगार बहुधा एकटा लढला आणि संघटनेऐवजी न्यायालयात गेला. डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलिस दलातील दोन महिला शिपायांनी एकमेकींशी विवाह केला. काही आठवड्यांतच दोघींनाही नोकरीतून काढून टाकण्यात आले.

मराठी वाचकांना अधिक जवळचे प्रकरण डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे. मूळ नागपूरकडचे सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसली आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे चित्रण केले. घरात घुसणाऱ्यांवर कारवाई होण्याऐवजी ९ फेब्रुवारीला सिरस यांनाच निलंबित करून निवासस्थान सोडायला सांगण्यात आले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील आनंद ग्रोव्हर यांनी त्यांची बाजू मांडली आणि १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. निलंबन मागे घेतल्याचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

या प्रकरणाकडे कामगार चळवळीच्या नजरेने पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. निलंबन, चौकशी आणि घर सोडण्याची नोटीस ही सगळी सेवाशर्तींच्या कक्षेतली कृत्ये होती आणि संघटना रोज हाताळते ती हीच. दुसरी गोष्ट, त्या चित्रणातला दुसरा माणूस रिक्षा ओढून पोट भरणारा होता. प्राध्यापकाला निदान न्यायालयात आव्हान देण्यासारखा लेखी आदेश होता. असंघटित कामगाराच्या हाती तेवढाही कागद नसतो.

महाराष्ट्रातील अलीकडची प्रकरणे पोलिस खात्यातली आहेत. बीड जिल्ह्यातील एका महिला शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि ती नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालय, प्रशासकीय न्यायाधिकरण आणि शेवटी शासनाची परवानगी असा प्रवास करून २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष शिपाई म्हणून नोकरी चालू राहिली. २०२२ मध्ये पोलिस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय असल्यामुळे पारलिंगी उमेदवारांनी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाचा आदेश त्यांच्या बाजूने लागला, राज्य शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने शासनालाच खडसावले. त्यानंतर अर्जात तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे काम सुरू झाले.

कायद्याने काय दिले, काय राहिले

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे समान नागरिकत्व मान्य केले. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. याचा कामगारांना मोठा फायदा झाला, कारण ‘पोलिसांत देईन’ ही धमकी बोथट झाली.

२०१९ चा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नोकरी, भरती आणि बढतीत भेदभाव करू नये आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा, असे त्यात म्हटले आहे. उणीव अशी की, नोकरी नाकारणाऱ्या मालकासाठी त्यात थेट शिक्षा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात भरपाई मंजूर केली आणि समान संधीचे धोरण तयार करण्यासाठी समिती नेमली, ती या कायद्याची अंमलबजावणी कागदावरच राहिल्यामुळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतही काही उपयोगी तरतुदी आहेत. वेतन संहिता लिंगाच्या कारणावरून वेतन आणि भरतीत भेदभाव करायला मनाई करते आणि सुरक्षाविषयक संहितेत पारलिंगी कामगारांसाठी स्वच्छतागृहाचा स्पष्ट उल्लेख आहे.

समलिंगी आणि उभयलैंगिक कामगारांसाठी मात्र खासगी नोकरीतला भेदभाव थेट रोखणारा असा कायदा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रीला तक्रारदार मानतो. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील अनैसर्गिक संबंधांविषयीचे कलम ३७७ पूर्णपणे वगळले गेले, त्यामुळे पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी पूर्वी असलेले संरक्षणही गेले. ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. त्यामुळे जोडीदाराच्या आजारपणातली रजा, कुटुंबाचा आरोग्य विमा, भविष्य निर्वाह निधीचे वारसपत्र या ठिकाणी या कामगाराचा जोडीदार परकाच ठरतो. कायद्याने सोडलेल्या या जागा वाटाघाटीतून झालेल्या करारानेच भरता येतात आणि करार करणे हे संघटनेचे काम आहे.

संघटित होण्याचे प्रयत्न

जिथे प्रस्थापित संघटना पोहोचल्या नाहीत, तिथे या समाजातील कामगारांनी स्वतःची संघटना बांधली. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि पुढे पुरुष व पारलिंगी देहविक्रय करणाऱ्यांचा ‘मुस्कान’ हा गट तयार झाला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक सेक्स वर्कर्स युनियनमध्ये स्त्रिया, पुरुष आणि पारलिंगी असे तिन्ही सभासद आहेत आणि ती न्यू ट्रेड युनियन इनिशिएटिव्ह या मध्यवर्ती संघटनेशी संलग्न झाली. पारलिंगी कामगारांचा प्रश्न मध्यवर्ती कामगार संघटनेच्या पटावर आल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

शासकीय संस्थांनी नोकऱ्या दिल्याचीही उदाहरणे आहेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ मध्ये पारलिंगी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. त्याआधी २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ पारलिंगी व्यक्तींना काम दिले, तेव्हा देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना आणि लॉजचा खर्च पगारात भागेना. भरती ही पहिली पायरी असते. राहण्याची सोय, प्रवास आणि सहकाऱ्यांचे वागणे यांची व्यवस्था लावली तरच नोकरी टिकते, आणि त्यासाठी कामाच्या ठिकाणी रोज हजर असलेली यंत्रणा लागते.

तेरेखोलच्या दोन्ही काठांवर

मोठ्या शहरांबाहेर हा प्रश्न अधिक अवघड होतो. सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे तेरेखोल खाडीच्या काठचे गाव. खाडीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. एकेकाळी या भागातली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरणगावात जात आणि गावकऱ्यांच्या खोल्यांत राहत. आज सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाकडची अनेक तरुण मुले-मुली कामासाठी गोव्याकडे वळतात: हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरची हॉटेले, औद्योगिक वसाहती आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ. उरलेले मासेमारी, आंबा-काजूच्या बागा, काजू कारखाने आणि दुकाने यांत असतात.

या कामांची तीन वैशिष्ट्ये एलजीबीटीक्यू कामगारासाठी धोक्याची आहेत. बहुतेक नोकऱ्या हंगामी किंवा कंत्राटी असतात. काढून टाकायला कारण द्यावे लागत नाही, पुढच्या हंगामात बोलावले नाही की झाले. दुसरे, हॉटेलांत आणि दुकानांत माणसे थोडी असतात. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे आणि स्थायी आदेश तर नव्या संहितेनुसार तीनशे कामगारांपासून लागू होतात. लहान ठिकाणचा कामगार या दोन्हींच्या बाहेर राहतो. तिसरे, घर महाराष्ट्रात आणि मालक गोव्यात असल्यामुळे कामाची तक्रार गोव्याच्या कामगार कार्यालयात करावी लागते. रोजंदारी बुडवून परराज्यात खेटे घालणे परवडत नाही.

मासेमारीत आणखी एक गोष्ट येते. रापणीसारख्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढण्याच्या, पद्धतीत उत्पन्नाची वाटणी हिश्शांनी होते आणि काम मिळते ते वाड्यातल्या नात्यांमुळे. तिथे गावातली प्रतिष्ठा आणि पोट एकत्र बांधलेले असतात. एखाद्याबद्दल कुजबुज सुरू झाली तर त्याचे काम आणि समाज दोन्ही एकदम जाऊ शकतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा अशा वेळी आधार देतो. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

विखुरलेल्या कामगारांना एकत्र आणण्याचा नमुना महाराष्ट्राकडे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालांची एका मंडळाकडे नोंदणी केली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि कोण्या एका मालकाच्या लहरीवर पोट अवलंबून राहिले नाही. किनारपट्टीवरच्या हॉटेल आणि पर्यटन कामगारांसाठी अशी नोंदणी झाली, तर तिचा सर्वांत मोठा लाभ त्यांना होईल ज्यांना आज कारण न सांगता घरी बसवता येते.

संघटनेने करावयाची कामे

पहिले काम संघटनेच्या स्वतःच्या घटनेत आहे. सभासदत्वाच्या नियमांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून भेदभाव होणार नाही, असे स्पष्ट लिहिले पाहिजे आणि सभासदाने दुसऱ्या सभासदाचा छळ केल्यास संघटनाच कारवाई करील, हेही त्यात असले पाहिजे.

दुसरे काम मागणीपत्राचे. शासकीय कागदपत्रे बदलण्यापूर्वीही हजेरीपटावर आणि ओळखपत्रावर कामगाराने सांगितलेले नाव, गणवेशाची निवड, दार बंद होणारी एकेरी स्वच्छतागृहे, उपचारांसाठी रजा, गटविम्यात कामगाराने नेमलेल्या जोडीदाराचा समावेश या मागण्या वेतनकराराचा भाग होऊ शकतात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला वारस नेमण्यास अडचण नसल्याचे स्पष्ट केले आहे. करारात जोडीदाराचा उल्लेख मागताना ती भूमिका आधाराला घेता येते.

तिसरे काम तक्रारीच्या वाटेचे. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे ही इथे पहिली अट आहे. इतर तक्रारींत प्रतिनिधी कामगाराला सोबत घेऊन व्यवस्थापकाच्या खोलीत जातो. इथे तसे केल्यास न्याय मिळण्याआधीच गुपित फुटते. म्हणून विश्वासातला एक प्रतिनिधी ठरवून त्याला कायद्याचे प्रशिक्षण द्यावे लागते. आपली ओळख कधी आणि कोणाला सांगायची, हा निर्णय पूर्णपणे त्या कामगाराचा असतो.

चौथे काम सभासदांच्या शिक्षणाचे. मुंबईतील हमसफर ट्रस्ट आणि पुण्यातील समपथिक ट्रस्ट यांसारख्या संस्थांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. समपथिकचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत केलेल्या लेखनाचा अभ्यासवर्गांना उपयोग होतो. खाणकामगारांच्या अनुभवाने दाखवले की पूर्वग्रह भाषणांपेक्षा एकत्र केलेल्या कामाने लवकर गळतात. म्हणून संपाच्या निधीपासून आरोग्य शिबिरापर्यंत प्रत्येक कामात या सभासदांना जबाबदारीची जागा मिळायला हवी.

पाचवे काम प्रतिनिधित्वाचे. या समाजातील व्यक्तींना मतदार स्वीकारतात, हे महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींनी सिद्ध केले आहे. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळच्या गावकऱ्यांनी तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील भादलीत अंजली पाटील उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महिला उमेदवार म्हणून लढल्या आणि निवडून आल्या. ग्रामीण मतदाराने उघडलेली ही दारे कामगार संघटनांच्या कार्यकारिणीतही उघडली पाहिजेत. वाटाघाटीच्या टेबलावर या कामगारांचा स्वतःचा प्रतिनिधी बसला, तर मागणीपत्रातील कलमे करार संपेपर्यंत जिवंत राहतात आणि पुढच्या करारात कोणी आठवण करून देण्याची वाट पाहावी लागत नाही.